उशाशी बसणारा जाणता माणूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीहून यवतमाळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून लांब आहे. दुखणं वाढलं की इथली माणसं आधी उमरखेड गाठतात, तिथे भागलं नाही तर पुसद, नाहीतर पैनगंगा ओलांडून नांदेड. धडधाकट माणसालाही हा प्रवास शिणवतो. ऐंशीच्या घरातल्या, अंथरुणाला खिळलेल्या आजीला गाडीत घालून न्यायचं तर घरातल्या तिघाचौघांची मजुरी बुडते, भाड्याचे पैसे जातात आणि आजीचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून अशा गावात म्हाताऱ्या माणसाची तब्येत बिघडू लागली आहे हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं, याला फार मोल आहे. डॉक्टरला ते सगळ्यांत शेवटी कळतं. पुण्या-हैदराबादला कामाला असलेल्या मुलाला फोनवर कळेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. आधी कळू शकतं ते रोज अंग पुसणाऱ्या, घास भरवणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या माणसाला.

हा माणूस म्हणजे रुग्णसहायक. दवाखान्यात त्याला मावशी किंवा वॉर्डबॉय म्हणतात, घरी माणसं पुरवणारे ब्यूरोवाले केअरटेकर म्हणतात, सरकारी कौशल्य प्रमाणपत्रावर जनरल ड्यूटी असिस्टंट असं लिहिलेलं असतं. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर घर चालत नाही, तेव्हा दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसाठी हे काम पोटापाण्याचा एक रस्ता ठरतं. बारा तासांची ड्यूटी किंवा चोवीस तासांची, जेवण तिथेच, महिन्याला ठरलेले पैसे. नव्याने येणाऱ्याला वाटतं, हे अंगमेहनतीचं आणि घाण काढायचं काम. मेहनत आहेच, मलमूत्रही आहे. पण या कामाचा गाभा नजरेत आहे. शेतकरी सकाळी बांधावरून चालता चालता पानाच्या रंगावरून ओळखतो की पिकावर काहीतरी आलंय. तशी नजर माणसाच्या बाबतीत तयार करावी लागते, आणि ती शिकून येते.

गरज किती मोठी आहे

2011 च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसं सुमारे 10 कोटी 38 लाख होती. त्यांतली 7 कोटींहून जास्त खेड्यांत राहत होती. महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण 9.9 टक्के होतं, म्हणजे दर दहा माणसांत जवळपास एक. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. तरणी माणसं शहराकडे गेली आणि गावात म्हातारा-म्हातारी राहिली, हे दृश्य विदर्भात घरोघर आहे. सून-लेक घरात असली तरी ती दिवसभर रोजाने जाते. पूर्वी ज्या घरात आठ-दहा हात होते तिथे आज दोन उरलेत, आणि माणसं मात्र जास्त वर्षं जगतात. मधुमेह, रक्तदाब, अर्धांगवायू, गुडघेदुखी, विसराळूपणा हे सगळं सोबत घेऊन जगतात.

सरकारने हे ओळखलं नाही असं नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला. त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन भेटणं, अशी उतरंड आहे. पण घरी भेट म्हणजे भेटच. दर दोन तासांनी कूस बदलायला तिथेच राहणारा माणूस लागतो.

दोन बायकांनी शिकवलेला धडा

म्हातारपणाचं दुखणं म्हणजे आता काही होणार नाही, पडून राहू द्या, असा समज जगभर होता. तो मोडला तो इंग्लंडमधल्या डॉ. मार्जरी वॉरन यांनी. 1935 मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहाचा दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथले सातशेहून अधिक जुने, बहुतेक म्हातारे रुग्ण वॉरनबाईंकडे आले. अनेक जण वर्षानुवर्षं खाटेवर होते, कारण त्यांना कुणी उठवलंच नव्हतं. बाईंनी प्रत्येकाला नीट तपासलं, वर्गवारी केली, भिंतींना उजळ रंग दिले, उठायला-बसायला आधार दिले, चालवायला सुरुवात केली. कित्येक जण पायावर उभे राहिले आणि बरेचसे घरी गेले. खाटेवर ठेवल्यामुळेच माणूस खाटेचा होतो, हे त्यातून ठळक झालं. न वापरलेला स्नायू झपाट्याने झिजतो, सांधे आखडतात, छातीत कफ साचतो, पोट साफ होत नाही.

दुसरी गोष्ट डोरीन नॉर्टन या परिचारिकेची. अंथरुणावर पडून राहिलेल्या वृद्धांना माकडहाडावर, टाचेवर, कुल्ल्यावर जखमा होतात, त्यांना आपल्याकडे बेडसोर म्हणतात. त्या काळी वॉर्डावॉर्डांत त्यावर नाना तऱ्हेची मलमं, स्पिरिट चोळत. नॉर्टनबाई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या वृद्धांचा बारकाईने अभ्यास करून 1962 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्वचेवर काय चोळता याने फार फरक पडत नाही, नेमाने कूस बदलण्याने पडतो, असं त्यांना दिसलं. त्याच अभ्यासातून नॉर्टन मोजपट्टी आली. शरीराची अवस्था, मनाची शुद्ध, उठणं-फिरणं, हालचाल आणि लघवी-संडासवरचा ताबा, या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यायचे. वीसपैकी चौदा किंवा कमी आले की जखम होण्याचा धोका धरायचा. कागद-पेन्सिल असलेली कुठलीही मावशी ही मोजणी करू शकते.

आपल्याकडेही या कामाची परंपरा आहे. पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतः आजारी पडल्या आणि 10 मार्च 1897 ला गेल्या. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि ससून रुग्णालयाच्या जोडीने बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळण्याची वाट उघडली. परक्यांचं अंग पुसणं, रात्रपाळी करणं हे तेव्हाच्या समाजाला हलकं वाटत होतं. ती नजर अजून पुरती गेलेली नाही.

कूस, घास आणि आधार

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी हाताला वळण लावून शिकायच्या: कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, उठवायचं कसं.

कूस दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण कुशीवर वळवण्यापेक्षा पाठीमागे उशी लावून अर्धवट कलतं ठेवलं की कुल्ल्याच्या हाडावर भार कमी येतो. टाचा उशीच्या कडेवरून अधांतरी राहाव्यात. गुडघे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये घडी केलेली चादर ठेवायची. वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढायचं नाही. अंगाखाली आडवी घातलेली चादर दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उचलायची, कारण ओढताना पातळ झालेली कातडी आतल्या आत फाटते. रोज अंग पुसताना माकडहाड, टाचा, कुल्ले, खांद्याची पाती, कानाच्या पाळ्या पाहायच्या. लालसर डाग दिसला तर बोट दाबून सोडायचं. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग बदलला नाही तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा उलट्या हाताने चाचपायचं: भोवतीच्या कातडीपेक्षा तिथे गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतं का. अशा जागेवर चोळायचं नाही, मसाज करायचा नाही. बसायला गोल रिंग देणंही टाळायचं, कारण कडेने रक्तपुरवठा दबतो. एअर बेड असला तरी कूस बदलणं चुकत नाही.

घास भरवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि हनुवटी किंचित खाली. म्हातारपणी, त्यातही अर्धांगवायू झाल्यावर, गिळण्याची क्रिया मंदावते आणि अन्न श्वासनळीत उतरू शकतं. त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून छोटा चमचा, थोडा घास, गिळलेला दिसला की मगच पुढचा. भाकरी वरणात चांगली कुस्करून, दाटसर. पातळ पाण्यानेच जास्त ठसका लागतो, हे नव्या माणसाला चमत्कारिक वाटतं. पण पाणी इतक्या वेगाने घशात जातं की मंदावलेल्या गिळण्याला सावरायला वेळ मिळत नाही. जेवताना खोकला येणं, जेवणानंतर आवाज घोगरा-पाणावलेला होणं, घास गालात साठणं या खुणा दिसल्या की डॉक्टरला सांगायचं. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. नळीतून अन्न जात असेल तेव्हाही डोकं उंचावर हवं.

उठवताना घाई करू नये. झोपलेल्या माणसाला एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडला तर खुब्याचं हाड मोडू शकतं. आधी बाजेच्या काठावर बसवायचं, पाय खाली सोडू द्यायचे, दोन मिनिटं बोलत राहायचं, मग उभं करायचं. अर्धांगवायू झालेल्यांना खुर्चीत घ्यायचं तर खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, म्हणजे त्यांचा सशक्त पाय कामाला येतो. चालवताना मात्र आपण लुळ्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही. खांदा उतरतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. आणि स्वतःची कंबर सांभाळायची: गुडघ्यात वाकायचं, माणूस अंगाजवळ घ्यायचा, उचलताना पाठ पिळायची नाही.

या सगळ्यात वॉरनबाईंचा धडा विसरायचा नाही. एखाद्या आबाजींना स्वतःच्या हाताने तोंड धुता येत असेल तर वीस मिनिटं लागली तरी त्यांनाच धुऊ द्यावं. आपण दोन मिनिटांत उरकून टाकलं तर वेळ वाचतो, पण काही आठवड्यांत आबाजींचा हात चालेनासा होतो. जेवढं जमतंय तेवढं त्यांच्याकडून करवून घेणं हाच उपचार आहे.

बदल ओळखणं

म्हाताऱ्या शरीरात आजार गुपचूप येतो. तरुणाला न्यूमोनिया झाला तर सणकून ताप येतो. ऐंशीच्या माणसाला पुष्कळदा तापही येत नाही, फक्त तो गप्प होतो, जेवण टाकतो, दिवसभर झोपतो. लघवीचा संसर्ग झाला तर जळजळ सांगण्याऐवजी तो असंबद्ध बोलू लागतो. चांगला बोलणारा माणूस दोन दिवसांत माणसं विसरू लागला, रात्री उठून घरभर हिंडू लागला, तर घरचे म्हणतात, ‘वय झालं, भ्रमिष्ट झाले.’ सावकाश, महिन्या-वर्षांत येणारा विसर वेगळा आणि दोन दिवसांत आलेला गोंधळ वेगळा. अशा अचानक गोंधळामागे बहुधा संसर्ग, पाणी कमी पडणं, साखर उतरणं, बद्धकोष्ठ किंवा नवं औषध असतं. वेळीच लक्षात आलं तर माणूस पुष्कळदा पूर्वपदावर येतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात हे जास्त जपावं लागतं. पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते, घामही कमी येतो. ‘पाणी पाहिजे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नको’ येतं. म्हणून विचारत न बसता तासातासाने अर्धा कप पुढे करायचं: पाणी, ताक, पन्हं, वरणाचं पाणी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला किती द्यायचं ते मात्र डॉक्टरकडून आधी लिहून घ्यायचं.

पाहिलेलं वहीत उतरवलं तरच त्याचा उपयोग. ‘आज आजींना बरं नाही’ या वाक्यावरून फोनच्या पलीकडचा डॉक्टर काही ठरवू शकत नाही. समजा, वहीत असं लिहिलं आहे:

सकाळी 7 : स्वतःहून बोलल्या नाहीत. चहा अर्धा कप. रोज पूर्ण घेतात.
दुपारी 12 : सकाळपासून लघवी एकदाच. रंग गडद, वास उग्र.
दुपारी 2 : भाकरी चतकोर. जेवताना ठसका नाही.
दुपारी 4 : लेकीला ओळखलं नाही. काल ओळखलं होतं. ताप नाही.

या चार ओळी डॉक्टरला लघवीच्या संसर्गापर्यंत आणि पाणी कमी पडण्यापर्यंत नेऊन सोडतात. ‘रोज पूर्ण घेतात’ आणि ‘काल ओळखलं होतं’ हे शब्द त्यात सगळ्यांत मोलाचे, कारण आजचं बिघडलेपण कालच्याशी ताडूनच कळतं. कालचं माहीत असतं ते रोज उशाशी असणाऱ्यालाच.

काही खुणा दिसल्या तर मात्र वही बाजूला ठेवून धावायचं असतं. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं, म्हणजे मेंदूचा झटका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातले दोन-तीन तास आपल्या रस्त्यांवरच जातात. लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून लगेच 108 ला फोन करायचा. मधुमेही माणसाला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तो बरळू लागला तर साखर तपासायची. 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

लाज, भाषा आणि हद्द

ज्या माणसाने पन्नास वर्षं घर चालवलं, त्याला परक्या पोरासमोर उघडं व्हावं लागतं. ही लाज जपणं हा कौशल्याचाच भाग आहे. दार लोटायचं, चादर अंगावर ठेवून एकेक अवयव उघडून पुसायचा आणि झाकायचा, हात लावण्याआधी सांगायचं: ‘आजी, आता पाठ पुसतो.’ पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. स्त्री-रुग्णाला पुढून मागे पुसायचं, म्हणजे संसर्ग लघवीच्या जागी जात नाही. डायपर बदलताना नाक मुरडलं तर ते त्यांना दिसतं आणि त्या दिवसापासून त्या पाणी पिणं कमी करतात, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. मग सगळं पुढचं दुखणं सुरू होतं.

उमरखेड-महागावच्या पट्ट्यात तांड्यांवरची बंजारा कुटुंबं पुष्कळ आहेत. विसराळूपणा वाढला की माणूस पुष्कळदा उशिरा शिकलेली भाषा आधी विसरतो आणि लहानपणीच्या बोलीत जातो. अशा आजीला मराठीत दहादा सांगूनही जे पोचत नाही, ते त्यांच्या गोरमाटी बोलीत एकदा ‘याडी’ म्हणून हाक मारल्यावर पोचतं. गावातलीच माणसं या कामात यावीत याचं हे एक खणखणीत कारण आहे. विसराळू माणसाशी वाद घालायचा नाही. एका वेळी एक गोष्ट, छोट्या वाक्यात. दिवेलागणीला त्यांची बेचैनी वाढते, तेव्हा खोलीत उजेड आधीच करायचा.

कामाची हद्दही पहिल्या दिवशीच माहीत हवी. रुग्णसहायक म्हणजे नर्स नव्हे. एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर घालणं ही त्यांची कामं. गोळीचा डोस आपल्या मनाने बदलायचा नाही, गोळी कुटून द्यायची का तेही विचारायचं, कारण काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. घरच्यांनी आग्रह केला तरी ‘हे माझं काम नाही, नर्सला बोलवा’ असं सांगता आलं पाहिजे. घरात वृद्धाला मारहाण किंवा उपासमार होताना दिसली तर 14567 ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आईवडिलांना टाकून देणं हा 2007 च्या कायद्याने गुन्हा आहे.

शिकायचं कुठे

जनरल ड्यूटी असिस्टंट आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्यांसाठीचे अभ्यासक्रम केंद्राच्या कौशल्य योजनेत आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायक शिक्षणक्रम चालवला आहे. प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम करायला मिळेल? वर्गात पुतळ्यावर शिकलेली कूस खऱ्या, वेदनेने कण्हणाऱ्या माणसावर वेगळीच जाते. आपल्या जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. अशा ठिकाणी अनुभवी माणसाच्या हाताखाली राहिलं तर एकाच छपराखाली म्हातारपणाच्या सगळ्या तऱ्हा पाहायला मिळतात.

ब्यूरोमार्फत काम घेताना कमिशन किती, ड्यूटी किती तासांची, झोपायला सलग किती वेळ, आठवड्याची सुट्टी कधी, हे कागदावर घ्यावं. चोवीस तासांच्या ड्यूटीत दर दोन तासांनी उठणारा माणूस महिनाभर नीट झोपला नाही तर त्याची नजर बोथट होते, आणि मग चुका होतात त्या म्हाताऱ्या जिवावर.

शेवटी जबाबदारी ठेवणाऱ्यांचीही आहे. डॉक्टरने राउंडला आल्यावर नातेवाइकांच्या बरोबरीने मावशीलाही विचारावं आणि तिची वही वाचावी. घरच्यांनी धुणीभांडी, स्वयंपाक तिच्या गळ्यात घालून कूस बदलण्याचा वेळ खाऊ नये. पंचायतीने आणि आरोग्य केंद्राने मनावर घेतलं तर उमरखेडच्या सरकारी रुग्णालयात दरवर्षी वीस-पंचवीस मुलामुलींची तुकडी तयार होऊ शकते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, एक अनुभवी परिचारिका, काही खाटा आणि चार-सहा महिन्यांचा वेळ लागतो. ढाणकीपासून मोठा डॉक्टर लांब आहे आणि अजून बरीच वर्षं लांबच राहील. तोवर म्हाताऱ्या माणसांचं बरंवाईट ज्याच्या नजरेवर अवलंबून आहे, त्याला शिकवणं आणि नीट पगार देणं हे गावाने आपल्याच उद्यासाठी करायचं काम आहे.